वरच्या भाडेकरूंची मुलं आणि रात्रीची गोटी: सांगावं तरी कसं?

मोगरा_नाशिक

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

नाशिकला इंदिरानगरमध्ये आमचं दुमजली घर आहे. खाली आम्ही दोघं, वर दोन खोल्या आणि किचन भाड्याने. आजवर चार भाडेकरू झाले, त्यातले तीन एकटे-दुकटे, कंपनीत जाणारे. १ जूनपासून वर चाळीसगावकडचं कुटुंब आलंय. तो अंबडला कंपनीत, शिफ्टची नोकरी. ती घरी ब्लाउज शिवते. दोन मुलगे, थोरला दुसरीत, धाकटा बालवाडीत. माणसं चांगली आहेत हे आधीच सांगते, नाहीतर खाली लगेच "काढून टाका" सुरू होईल. भाडं पाच तारखेच्या आत येतं. थंडीत दोनदा वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाली आली, तीही ह्यांना तिखट चालत नाही म्हणून हात राखून केलेली.

पण पोरं! आम्ही साडेनऊला आडवे होतो. साडेदहाला वर शर्यत सुरू. स्वयंपाकघरापासून बाल्कनीच्या दारापर्यंत धावायचं, दाराला थाप मारायची, परत फिरायचं. आमच्या पंख्याचा कप थरथरतो, खोटं नाही सांगत. मग खुर्ची ओढल्याचा आवाज. आणि सगळं निवलं की गोटी. टक... टक, टक, टकटकटकटक. लादीवर गोटी टाकून सोडून दिली की येतो तो आवाज. ह्यांची बायपास झाली आहे, एकदा झोप मोडली की दोन वाजेपर्यंत माणूस छताकडे बघत पडलेला.

दिवसाचं वेगळंच. फाटकावर उभं राहून झोके घेऊन घेऊन वरची बिजागरी निखळली. वेल्डिंगवाल्याने साडेचारशे घेतले. पेरूच्या झाडाची सुपारीएवढी फळं तोडून एकमेकांना मारली, ह्या वर्षी मी एकही पेरू खाल्ला नाही. आणि एकदा गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत बॉल तरंगत होता. बॉलचं मला काही नाही, पण तो काढायला धाकटा वाकला असता तर? त्या दिवशी माझे पाय लटपटले.

नोव्हेंबरमध्ये मी वर गेले. भांडायला नव्हे, नीट सांगायला. म्हटलं, बाकी चालवून घेऊ, पण रात्री ती गोटी तेवढी नको. ती बिचारी लाजेने लाल. थोरला मागे उभा होता, म्हणाला, "आजी, माझ्याकडे गोटीच नाहीये." आई म्हणाली, "खोटं बोलतो वर तोंड करून." मीही मनात म्हटलं, सगळीच पोरं असंच म्हणतात.

त्या रात्री नवरा ड्यूटीवरून आल्यावर वर काय झालं ते मला खालून ऐकू आलं. पट्टी होती का हात, ते कळलं नाही. चार-पाच फटके. पोरगं एकदा जोरात रडलं आणि मग कुणी तोंडावर हात ठेवावा तसं गप्प झालं. मग तिचा आवाज, "खाली आजी आहे ना." म्हणजे आजी आहे म्हणून रडायचंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्या समोरून खाली बघत गेला. एरवी दप्तर पाठीवर घेऊन "आजी, जातो" म्हणून ओरडायचा.

दोन-तीन आठवडे शांतता होती, मग पुन्हा सुरू. आता मला वर जायचा धीर होत नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, ३० एप्रिलला करार संपतोय, नवीन करू नको, विषय संपला. मला ते पटत नाही, पण झोप तर हवीच ना?

विचारायचंय ते असं: आईबापांना कसं सांगावं, की पोराच्या पाठीवर उतरणार नाही? आणि घरमालक म्हणून मुलांच्या वागण्याबद्दल किती बोलता येतं, करारात काही घालता येतं का?

---

स्पष्टच_बोलतो (पुणे ३०)

काकू, तुमच्या प्रश्नातला भावनेचा भाग बाजूला ठेवून जेवढं कामाचं आहे तेवढं सांगतो.

पहिलं, लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलंय का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदवलेला हवा आणि ही जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, खोटं ठरवायची जबाबदारी तुमची. एक हजार रुपये नोंदणी फी वाचवायला जाणारे महाभाग मी पाहिलेत.

दुसरं, मुदतीत घर सोडायला लावायचं असेल तर करारातली नोटिशीची अट बघा, बहुतेक एक महिना असते. मुदत संपून गेले नाहीत तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. संपल्यानंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. "उपद्रव" हे कारण कलम १६ मध्ये आहे आणि त्यात भाडेकरूसोबत राहणाऱ्या माणसाचं वागणंही येतं, म्हणजे पोरंही आली. पण ती वाट पागडीवाल्यांसारख्या जुन्या, कायमच्या भाडेकरूंसाठी, दिवाणी दावा लावून. सात वर्षांचं पोर पळतं म्हणून कोर्टात जाणार असाल तर निकालाच्या दिवशी पोर दाढी करून साक्षीला येईल.

तिसरं, आणि हे नीट वाचा. कुणी सल्ला देईल की पाणी बंद करा, लाइट काढा, दोन दिवसांत सरळ होतात. अजिबात नाही. कलम २९. अत्यावश्यक सोय मालकाने तोडणं गुन्हा आहे.

करारात काय घालाल? "मुलांनी आवाज करू नये" असली अट निरर्थक. घालायचंच तर गच्चीचा वापर, टाकीला हात न लावणं, मोडतोडीचा खर्च डिपॉझिटमधून. फाटकाचे साडेचारशे त्यांच्याकडून घेतलेत का? नसतील घेतले. घ्यायला हवे होते. पैसे मागितले की माणूस समजतो की हा व्यवहार आहे, आणि व्यवहारात पोराला मारायचं कारण उरत नाही. भरीत-भाकरीमुळे तुमची तक्रार ही तक्रार न राहता त्यांची अब्रू झाली, आणि ती त्या पोराने भरली.

---

मोगरा_नाशिक

करार रजिस्टर आहे हो. एजंटाने मशीन घरी आणून सगळ्यांचे अंगठे घेतले. साडेचारशे नाही घेतले. तुमचं शेवटचं वाक्य मात्र दुपारभर डोक्यात राहिलं.

---

स्लॅब_आणि_सळई

मी साइटवर काम करतो, कायद्यातलं कळत नाही. आवाजाचं सांगतो.

धावण्याचा, खुर्चीचा आवाज हवेतून येत नाही, स्लॅबमधून येतो. आपल्याकडे घराचा स्लॅब साधारण पाच इंची. वर लादी थेट चिकटवलेली, खाली तुमचं प्लास्टर. मध्ये मऊ काहीच नाही. म्हणजे वरची टाच आणि तुमची उशी यांच्यात पाच इंच दगड. टाच आपटली की अख्खा स्लॅब ढोलासारखा वाजतो, पोर वीस किलोचं असलं तरी. वरच्यांना स्वतःला तो एवढा ऐकू येत नाही, म्हणून त्यांना तुम्ही वाढवून सांगताय असं वाटतं. मोबाइलवर डेसिबल मोजून दाखवायचा खटाटोपही नको. राहत्या भागाला रात्री ४५ ही मर्यादा असते ती लाउडस्पीकर, कारखाना असल्या बाहेरच्या आवाजासाठी.

खाली फॉल्स सीलिंग करून द्यायला कंत्राटदार एका पायावर तयार होईल. पैसे घालवू नका, फार फरक पडत नाही. इलाज वरच्या बाजूला. मुलांच्या त्या जोडायच्या फोमच्या रंगीत चटया मिळतात, जाड घ्या, आणि खोलीभर नको, धावायच्या पट्ट्यात टाका. खुर्च्यांच्या पायांना रबराची बुचं. एवढ्याने बरंच उतरतं.

आता गोटी. काकू, ही गोटी मला संशयास्पद वाटते. मुलं रोज रात्री एकच गोटी, एकदाच टाकतात? बऱ्याचदा हा आवाज पाण्याच्या पाइपचा असतो. नळ किंवा फ्लशचा व्हॉल्व्ह एकदम बंद झाला की आतलं पाणी धडकतं, आणि क्लॅम्प सैल असेल तर पाइप भिंतीवर टकटकतो. घसरत घसरत थांबतो ना आवाज? गोटीसारखाच. वरचे घरी नसतील तेव्हा कान देऊन ऐका.

---

दोन_पोरांची_आई (ठाणे)

काकू, मी तुमच्या वरच्या मजल्यावरची बाई आहे. म्हणजे ती नाही, पण तशीच. अकरा वर्षांत सहा घरं बदलली. भाड्याच्या घरात पोरं वाढवणं म्हणजे दिवसभर "हळू", "नको", "खालचे काय म्हणतील" एवढंच बोलणं. माझा धाकटा बोलायला लागला तेव्हा त्याचा तिसरा-चौथा शब्द "शूऽऽ" होता. हसू नका, खरंय.

घरमालकीण दारात उभी राहिली की पोटात खड्डा पडतो. ती काय म्हणतेय ते कानात शिरतच नाही. घर जाणार, डिपॉझिट अडकणार, शाळा बदलावी लागणार, एजंटाला पुन्हा महिन्याचं भाडं द्यावं लागणार, एवढंच दिसतं. मग ती भीती रात्री घरातल्या सगळ्यात लहान माणसावर निघते. मी हात उचललेला आहे, लपवत नाही. म्हणून सांगते, पुढच्या वेळी सुरुवातच अशी करा: "घर सोडायचं बोलायला आले नाहीये." हे वाक्य पहिलं. बाकीचं नंतर.

आणि तक्रार दारात नको. तिला खाली बोलवा, दुपारी, पोरं शाळेत असताना. पोरासमोर त्याच्या आईला ऐकवलंत ना, तिथेच ती रात्र ठरली.

अजून एक. तो शिफ्टला जातो म्हणता. रोज रात्री दंगा असतो, की ठरावीक आठवड्यात? आमचेही पूर्वी सेकंड शिफ्ट करायचे. त्या आठवड्यात पोरांना बाप दिसतच नाही. सकाळी पोरं शाळेत, दुपारी बाप निघालेला. मग ती जागतात. झोप आलेली पोरं जागी राहायला काय करतात? धावतात.

---

पंचगंगा_काठ

कोल्हापुरात आमच्याकडं तीन बिऱ्हाडं हायत, पोरं मोजली तर नऊ. आमच्या वडिलांचा नियम एकच, पोरांचं पोरांशी बोलायचं. आईबापाला मधी घ्यायचंच नाही. पोर भिंतीवर रेघोट्या मारताना गावलं की त्याच्याच हातात बादली-फडकं. संध्याकाळी त्याच्या बापाला सांगायचं, "आज तुमच्या लेकानं भिंत काय चकाचक केलीया!" तेवढंच. रेघोट्यांचं नाव न्हाई.

पेरवाचं म्हणाल तर पोराला झाड नेमून द्या. पाणी त्यानं घालायचं, राखण त्यानंच करायची. दुसऱ्या पोराला हात लावू द्यायचं न्हाई मग.

टाकीला मात्र आजच्या आज कुलूप घाला. तिथं समजूत-बिमजूत चालत न्हाई.

---

स्पष्टच_बोलतो (पुणे ३०)

टाकीच्या कुलपाबद्दल कोल्हापूरकरांशी सहमत. उघड्या टाकीत काही झालं तर पहिला प्रश्न मालकालाच विचारतील. झाड नेमून देण्याबद्दल मत राखून ठेवतो, आमच्याकडे एकाला दिलं होतं तर त्याने मित्रांना पेरू विकले.

---

मोगरा_नाशिक

मंडळी, महिना झाला, उत्तर द्यायचं राहिलं. माफ करा. बरंच काही झालं.

ठाण्याच्या ताईंचं वाचलं त्याच दिवसापासून कालनिर्णयवर खुणा करायला लागले. दंगा झाला की फुली, आणि त्याची गाडी फाटकात किती वाजता आली तो आकडा. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट. फुल्या सगळ्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात. तो बाराला येतो, तोवर पोरं तग धरून असतात. स्कूटर बंद झाल्यावर वर एकदा "पप्पा" ऐकू येतं आणि दहा मिनिटांत सामसूम. मी हे इतके महिने कसं ऐकलं नव्हतं कोण जाणे. मला तेव्हा फक्त बूट वाजलेले ऐकू यायचे.

गंमत म्हणजे आमचे हे नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, शिफ्टच करायचे. तेव्हा क्वार्टरमध्ये मी माझ्या मुलीला दिवसा "बाबा झोपलेत" म्हणून दटावायचे. ह्यांना आठवण करून दिली तर म्हणाले, "आपली एकच होती, आणि ती पळत नव्हती." पळायची. ते झोपलेले असायचे.

आता गोटीचं. होळीला वरची मंडळी चार दिवस गावी गेली, किल्ली माझ्याकडे. दुसऱ्या रात्री, अकरा वाजून गेले असतील, टक... टक, टक, टकटकटक. हे उठून बसले. "वर कोण आहे गं?" टॉर्च घेऊन जिन्याने वर जाऊन आले, ह्यांना जिना मना असताना. कुणी नाही. कुलूप जसंच्या तसं. मी पलंगावर बसून होते आणि मला कळत होतं काय आहे ते, कारण पाच मिनिटांपूर्वी मीच आमच्या संडासातला फ्लश ओढून आले होते.

दुसऱ्या दिवशी प्लंबरला बोलावलं. टाकीकडून खाली येणाऱ्या पाइपचे दोन क्लॅम्प भिंतीतून सुटलेले. हाताने हलवला तर पाइप डुगडुगत होता. क्लॅम्प आणि मजुरी मिळून तीनशे ऐंशी. आवाज पूर्ण गेला नाही पण पुष्कळ कमी झालाय. स्लॅब-सळई भाऊ, तुम्हाला नाशिकला आलात तर जेवायलाच घालते.

पण मला त्या रात्री झोप लागली नाही ती आवाजामुळे नव्हे. बाकी सगळं त्या पोराने केलंय. धावणं त्याचं, फाटक त्याचं, पेरू त्याचे. त्यासाठी मी कधी वर गेले नाही. गेले ती नेमकी गोटीसाठी.

ते गावाहून आल्यावर तिला दुपारी खाली बोलावलं. पहिलं वाक्य ताईंनी सांगितलं तेच. खरंच तिचे खांदे खाली आले. मग पाइप दाखवला, प्लंबरची पावती दाखवली. नोव्हेंबरचं मी काढलं नाही, तिनेच काढलं. पावतीकडे बघत म्हणाली, "काकू, त्याने नाही म्हटलं होतं." आणि पुढे बराच वेळ दोघी काही बोललो नाही. मग मी म्हटलं, मला खाली सगळं ऐकू येतं, रडणंही. तुझ्या नवऱ्याला सांग की आवाजाचं मी बघते, त्याने पोरावर हात टाकायचा नाही. नाहीतर मी पुन्हा वर येईन, आणि ह्या वेळी पोराच्या बाजूने येईन. ती मान हलवून गेली. घरात काय बोलली माहीत नाही.

बाकी व्यवहाराचं: फोमच्या चटया मी निम्म्या पैशांत, त्यांनी निम्म्या पैशांत घेतल्या. फाटकाचे साडेचारशे मागितले, पुणेकरांचं ऐकून. त्याने लगेच दिले, वर "आधीच सांगायचं ना काकू" म्हणाला. आम्ही आमचा पलंग हॉलखालून काढून मधल्या खोलीत नेला. ह्यांची त्यावर रोज कुरकुर, तिथे वारा येत नाही म्हणून. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात अजूनही धावतात, पण आता धपधप येते, ताडताड नाही. करार पुन्हा ११ महिन्यांचा करतोय, गच्चीची अट घालून.

थोरल्याशी बोलायचं माझ्या अंगावर आलं होतं. चार-पाच दिवस टाळलं. मग परवा तो जिन्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता, तेव्हा म्हटलं, "अरे, ती गोटी तू खेळत नव्हतास. पाइपचा आवाज होता. माझं चुकलं." त्याने मान वर केली नाही. नाडीची दुसरी गाठ मारली आणि म्हणाला, "मी सांगितलेलं." मग दप्तर घेऊन गेला. फाटक लोटून गेला, उघडंच.

पेरवाला नवी फुलं आहेत. झाड त्याला नेमून द्यायचं अजून विचारलेलं नाही, इतक्यात नको वाटतं.

टाकीला कुलूप घातलंय. किल्ली माझ्या कमरेला.